आधीचे दात, नंतरचे दात

दि. ४, मंगळवार

चि. धाकट्या भाऊजींना वहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुमचं पार्सल काल पोचलं. आत निघालं ते असं: दुकानाची किल्ली एक, हार्ड डिस्क एक, तिची वायर, यांनी तुम्हाला पहिल्या ऑर्डरच्या वेळी दिलेलं घड्याळ, आणि माझा जेवणाचा डबा, न घासलेला. भाडं तुम्ही भरलं नव्हतं, ते माझ्याकडून घेतलं, एकशे चाळीस. रागावून गेलेला माणूस निदान भाडं तरी भरतो, अशी माझी समजूत होती. डबा घासून ठेवलाय. घड्याळ यांना दाखवलं नाही.

फोन तुम्ही उचलत नाही. अठरा वेळा केला, मग सोडून दिला. पत्र मात्र वाचाल, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही सातवीत होता आणि माझ्या माहेरची पत्रं माझ्या आधी वाचायचात.

दोघं सख्खे भाऊ, बावीस वर्षं एका फोटो स्टुडिओत मांडीला मांडी लावून बसलेले, आणि भांडले कशावरून, तर लोकांच्या दातांवरून. हे बाहेर कुणाला सांगायचीही सोय नाही. दातांच्या डॉक्टरांना दवाखान्यात ठेवायला एक पुस्तक हवं होतं. सोळा पेशंट, प्रत्येकाचा उपचाराआधीचा एक फोटो, नंतरचा एक. आधीचे फोटो तुम्ही दीड वर्षापूर्वी काढले, नंतरचे यंदा. पुस्तक छापून आलं आणि त्यात आधीचे दात शुभ्र, नंतरचे पिवळे. म्हणजे डॉक्टरांनी चांगल्या माणसांचे दात बिघडवून दिले. त्यातही पान सातवर डॉक्टरांच्या सासूबाई. त्या स्वतः दुकानात आल्या होत्या ते तुम्हाला आठवत असेलच. "असेच करायचे होते तर जावयाने माझं तोंड महिनाभर कशाला उघडं ठेवलं?" असं त्या म्हणाल्या, आणि तेव्हा त्यांचं तोंड उघडंच होतं आणि आत दात चांगले लख्ख होते. तेच तर दुखणं.

मग तुम्ही म्हणालात, दादाने फोटो काळे केले. हे म्हणाले, मुळात तूच काळे दिलेस, मी उजळून उजळून थकलो. तुम्ही तुमच्या नव्या प्रोग्राममध्ये उघडून दाखवलेत, तर यांनी उजळलेले दात ट्यूबलाइटसारखे. यांनी त्यांच्या जुन्या प्रोग्राममध्ये उघडून दाखवले, तर तुमचे दात मक्याचे दाणे. तुम्ही म्हणालात, दादा, तुझं वय झालं. हे म्हणाले, डोळे तपासून घे, नाहीतर दुसऱ्या धंद्याला लाग. आणि हे सगळं गिऱ्हाइकासमोर. मी तेव्हा आत चहा टाकत होते, त्यामुळे सगळं नीट ऐकू आलं नाही.

तुम्ही गेल्यावर मी माझ्या परीने करून पाहिलं. दोन्ही स्क्रीन ओल्या फडक्याने पुसल्या. यांच्या टेबलावरचा दिवा बदलला. खिडकीला पडदा लावला, मग काढला. देवापुढे बसून रोज एकच मागते, ज्याची चूक असेल त्याला बुद्धी दे. नाव घेत नाही, उगाच एकाची बाजू घेतल्यासारखं होतं.

आता मुद्द्याचं. काल सुतार आला होता. पुढच्या एक तारखेला, सोमवारी, दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत घालायची असं यांनी ठरवलंय. अर्धं तुमचं, अर्धं यांचं. तुमचं तुम्ही भाड्याने द्या नाहीतर कुलूप लावा. सुताराने टेप लावून मोजलं आणि विचारलं, "साहेब, दार एकच आहे. ते कुणाच्या वाट्याला?"

हे म्हणाले, "त्याच्या."

"मग तुम्ही आत कुठून येणार?"

हे सुताराची टेप गुंडाळायला लागले. सुतार माझ्याकडे बघायला लागला, मी छताकडे.

भाऊजी, एकदा भिंत झाली की ती कुणी काढत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. एकच फोटो दोन प्रोग्राममध्ये दोन तऱ्हेचा का दिसतो, एवढंच मला कळवा. बाकी भांडण तुम्ही हवं तर चालू ठेवा.

तुमची वहिनी


दि. १३, गुरुवार

चि. भाऊजींना आशीर्वाद.

तुमचं दोन ओळींचं पत्र मिळालं. पहिली ओळ: "एकच फोटो दोन्हीकडे उघडा, एकाच जागी बाण ठेवा, खाली रंगाचे तीन आकडे येतात ते वाचा." दुसरी ओळ: "मला पत्र लिहू नका." दुसरी ओळ टपालात पुसली गेली असं मी धरून चालते.

दुपारी हे जेवून आडवे झाले तेव्हा मी वही घेऊन दुकानात बसले. डॉक्टरांच्या सासूबाईंचा नंतरचा फोटो उघडला. वरचा पुढचा दात, त्याचं टोक. तुमच्या प्रोग्राममध्ये आकडे आले १८१, १७२, १४८. तसाच बाण यांच्या प्रोग्राममध्ये ठेवला. १८१, १७२, १४८. मला वाटलं, बाण सरकला असेल. मग हिरडी घेतली, ओठ घेतला, डॉक्टरांचा हातमोजा घेतला, मागच्या दाढेतली चांदीसुद्धा घेतली. बारा जागा. डावीकडे तुमचा रकाना, उजवीकडे यांचा. भाऊजी, बाराच्या बारा जुळल्या, एका आकड्याचा फरक नाही. मॅट्रिकला गणितात मला चांगले गुण होते, पण ताळा इतका चोख कधी आला नव्हता.

आणि तरी डोळ्यांनी पाहावं तर इकडे दात, तिकडे मक्याचे दाणे. हिशेब जुळतो आणि माल वेगळा दिसतो, असं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मी यांना उठवलं.

"अहो, आकडे तेच आहेत."

"कसले आकडे?"

"दाताचे."

"दाताला कसले आकडे?"

"तुमच्या भावाने सांगितलंय..."

"त्याचं नाव काढू नकोस."

"नाव कुठे काढलं? भाऊ म्हटलं."

हे आले. चष्मा लावून बसले. एकदा वहीत बघायचे, एकदा इकडे, एकदा तिकडे. चांगला अर्धा तास. बाण ठेवताना जीभ दाताखाली धरली होती, तुम्ही दोघंही धरता तशी. मग म्हणाले, "आकडे तेच, तर मग फोटो दोन्हीकडे एकच आहे." मी म्हटलं, "मग तुम्ही भांडलात कशावर?" त्यावर म्हणाले, "दिसतं वेगळं का, ते कळलं पाहिजे." तुम्ही गेल्यापासून यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य, ज्यात तुमचा दोष नव्हता.

"विचारू का भाऊजींना?"

"तुला विचारायचं तर विचार. मी सांगितलं असं लिहू नकोस."

म्हणून मी तसं लिहीत नाही.

आणखी एक बघितलं. आधीचे सोळा फोटो दोन्हीकडे सारखेच दिसतात, छान दिसतात. बिघाड फक्त नंतरच्या सोळात. म्हणजे दीड वर्षापूर्वीचं ठीक, यंदाचं बिघडलेलं. मधे काय झालं असेल? तुम्ही नवा कॅमेरा घेतला होता तो तर दोन वर्षांपूर्वी.

सुतार प्लायवूड आणून टाकून गेलाय. ते सध्या तुमच्या खुर्चीला टेकवून उभं आहे.

लवकर कळवा.

तुमची वहिनी


दि. १९, बुधवार

चि. भाऊजींना आशीर्वाद.

पत्र मिळालं. या खेपेला पानभर लिहिलंत, बरं वाटलं. अक्षर अजून तसंच, मुंग्यांच्या रांगेसारखं.

आमच्याकडे सगळे ठीक. यांचा खोकला कमी आहे. नळ गळत होता तो दुरुस्त करून घेतला. शेजारच्या शिंपिणीच्या मुलीला नोकरी लागली. हवा बरी आहे. तुम्ही विचारल्याप्रमाणे नंतरच्या फोटोंची माहिती उघडून पाहिली. रंगांच्या प्रोफाइलच्या रकान्यात काहीच नाही, रिकामा आहे. आधीच्या फोटोंत मात्र नाव लिहिलेलं आहे. फोटो शेवटी सेव्ह कोण करतं, असं तुम्ही विचारलंत. तर तसं सगळेच करतात. ज्याच्या हाताला वेळ असेल तो. नळाला नवीन चकती घातली, आता थेंब पडत नाही.

दि. २०, गुरुवार

हे पत्र काल इथेच थांबवलं. पाकिटात घातलं, डिंक लावला, आणि देवापुढे बसले तर मन लागेना. पाकीट फोडलं. पाकीट एक वाया गेलं, ते जाऊ दे.

भाऊजी, तुम्ही लिहिलंत ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. आकडे म्हणजे नुसते आकडे, त्यांचा अर्थ कसा लावायचा ते प्रोफाइलमध्ये लिहिलेलं असतं, आणि प्रोफाइल फोटोच्या पोटातच असतं. ते मला लगेच समजलं. मी वहीत नुसतं पाच लिहिलं आणि पुढे किलो की डझन ते लिहिलंच नाही, तर एक वाचणारा पाच किलो समजेल, दुसरा पाच डझन, आणि दोघंही माझ्या वहीवर हात ठेवून शपथ घेतील. तुमच्या प्रोग्रामने तुमच्या सवयीचा अर्थ लावला, यांच्या प्रोग्रामने यांच्या. यांना अंधार दिसला, म्हणून यांनी उजळलं. तुम्हाला भगभग दिसली, म्हणून तुम्ही उतरवलं. असं तुमचं चार वेळा झालं, आणि छापणाऱ्याने आपल्या मनाने पाचव्यांदा केलं.

इथवर ठीक. पण खाली तुम्ही लिहिलंत, "माझ्या हातून फोटो जातो तेव्हा प्रोफाइल त्याच्याबरोबरच जातं. म्हणजे ते दादाने काढलं, मुद्दाम, मला खोटं पाडायला. तसं असेल तर भिंतीचे पैसे मीच देतो."

भाऊजी, दादाने ते काढलेलं नाही. तुम्ही दोघं उठून गेल्यावर त्या दिवसाचे फोटो सेव्ह करून वर इंटरनेटवर साठवायचं काम गेली तीन वर्षं माझ्याकडे आहे, आणि हे तुम्हाला माहीत असूनही तुमच्या डोक्यात माझं नाव आलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं.

आठ महिन्यांपूर्वी ती साठवणीची कंपनी सारखी सांगायला लागली, जागा भरत आली, आणखी घ्या, दरमहा एवढे पडतील. मी म्हटलं, भरत आली तर आवरू, घेत कशाला बसायचं? सेव्ह करताना एक चौकट उघडते, त्यात खाली प्रोफाइल या शब्दापुढे एक छोटी बरोबरची खूण आपोआप आलेली असते. मी ती काढून पाहिली, तर फाइलचा आकार वर लिहिलेला असतो तो थोडा खाली आला. फोटो होता तसाच दिसत होता. मला वाटलं, न मागता चिकटवलेली गोष्ट आहे, आपल्याला नको. त्या दिवसापासून प्रत्येक फोटोची ती खूण मी न चुकता काढत आले. न चुकता, भाऊजी. माझ्या कामात हलगर्जीपणा नसतो हे तुम्ही जाणता. तारीख वहीत आहे, पुढे "बचत" असंही लिहिलंय.

काल बसून ती बचत काढली. एका फोटोमागे एक किलोबाइटसुद्धा नाही. आठ महिन्यांत चार हजार शंभर फोटो. सगळ्यांची मिळून वाचलेली जागा एकत्र केली, तर त्यात सासूबाईंचा एक फोटो मावत नाही. अर्धी कवळी मावेल फार तर.

मी महिनाभर देवाला म्हणत होते, ज्याची चूक असेल त्याला बुद्धी दे. त्याने ऐकलं. पत्ता मात्र माझाच निघाला.

यांना अजून सांगितलेलं नाही. प्रामाणिकपणे सांगते, पहिला विचार असा आला की तुम्ही गुपचूप परत या, मी गुपचूप खूण परत घालते, आणि दात आपोआप सुधारले असं म्हणू. पण तुमच्या मनात दादाबद्दल ते "मुद्दाम" राहील. आणि यांच्या मनात तुमचे डोळे गेलेत हे राहील. मग भिंत घातली काय नि न घातली काय. म्हणून आधी तुम्हाला लिहिलं. उद्या यांना सांगते. माझ्यासाठी प्रार्थना करा. तुम्ही करत नाही हे माहीत आहे, एकदा करून बघा.

तुमची वहिनी


दि. २२, शनिवार

चि. भाऊजींना आशीर्वाद.

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहितेय, कारण दिवस मोजकेच आहेत.

काल जेवताना यांना सांगितलं. भरल्या ताटावर सांगितलं म्हणजे माणूस निदान उठून जात नाही. सगळं सांगितलं, खूण, जागा, बचत.

हे म्हणाले, "तू?"

"मी."

"आठ महिने?"

"आठ महिने नि सहा दिवस."

मग हे जेवत राहिले. मला वाटलं, आता ताट सरकवतील. तर म्हणाले, "आमटी वाढ." वाढली. जेवून, हात धुऊन, मला घेऊन दुकानात गेले. तुम्ही पत्रात लिहिलं होतं तसं मी सासूबाईंच्या मूळ फोटोला प्रोफाइल परत लावून दाखवलं. दोन्ही प्रोग्राम शेजारी शेजारी उघडले. भाऊजी, दोन्हीकडे तोच दात. तुम्ही काढला होता तसा. यांनी चष्मा काढून पाहिला, लावून पाहिला.

मग म्हणाले, "मी त्याला गिऱ्हाइकासमोर म्हणालो, डोळे तपासून घे."

"हो."

"तू कुठे होतीस तेव्हा?"

मी चहा टाकत होते असं तुम्हाला पहिल्या पत्रात लिहिलं होतं. ते खरं नाही. मी दारात उभी होते, सगळं ऐकलं, आणि गप्प राहिले. यांना तेच सांगितलं.

"मग बोलली का नाहीस?"

"आधी वाटलं तुमचं खरं असेल. मग वाटलं भाऊजींचं खरं असेल. दोघांचंही एकदमच खरं असेल, हे डोक्यातच आलं नाही."

संध्याकाळी हे डॉक्टरांकडे जाऊन आले. पुस्तक आमच्या खर्चाने परत छापून देतो म्हणाले, चूक आमच्या घरातली. घरातली म्हणाले, बायकोची म्हणाले नाहीत. डॉक्टर म्हणाले, "तुमचा धाकटा भाऊ करणार असेल तर द्या." घरी येऊन हे मला म्हणतात, "बघ, लोकांना काही किंमत आहे का माझी!" पण हे बोलताना चेहरा काही वेगळाच होता.

मी म्हटलं, "मग सुताराला नको म्हणून सांगू?"

"त्याला सांगून झालंय. सोमवार म्हणजे सोमवार."

"अहो, पण आता भांडण कुठे उरलंय?"

"मी बोलावलं नव्हतं त्याला जायला, मी कशाला बोलावू यायला? त्याला यायचं तर येईल. तो दारात उभा असेल तर सुतार काय त्याच्या अंगावर भिंत घालणार आहे?"

ही माणसं अशीच, यांच्या आईसुद्धा अशाच होत्या, आणि तुम्हीही काही वेगळे नाही.

पण आज सकाळी मी देवाचं करून उठले, तर हे दाढी करत होते. शनिवारी करत नाहीत. आरशात बघतच म्हणाले, "तिकडून येणारी सकाळची गाडी हल्ली कितव्या फलाटाला लागते?"

मी म्हटलं, "कुणाची गाडी?"

"कुणाची नाही. सहज विचारलं. पूर्वी तीनला लागायची."

मला फलाट माहीत नाही, भाऊजी. आणि येताय का, असं मी विचारत नाही. विचारलं की तुम्ही नाही म्हणणार, मग यांचा मान, मग तुमचा मान. मी एवढंच विचारते की गाडी कुठली. सुतार एक तारखेला सकाळी नऊला येतो, त्याआधीची बघा, आणि तिचं नाव नि वेळ उलट टपाली कळवा. म्हणजे मी यांना म्हणेन, जरा स्टेशनवर जाऊन ती कितव्या फलाटाला लागते तेवढं बघून या.

तुमची वहिनी